टाकीवर बसलेले वारघडे

जुन्या पेट्रोल जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, ही गोष्ट तुळशीदास वारघड्यांना जीप घेताना कुणी सांगितली नव्हती. सीटची गादी उचलायची, खाली टाकीचं झाकण दिसतं, ते उघडून पेट्रोल भरायचं, गादी परत ठेवायची आणि तिच्यावर आपण बसायचं. म्हणजे जव्हारच्या घरापासून मोखाड्याच्या ऑफिसपर्यंत वारघडे रोज पेट्रोलवर बसून जात होते. साठ-बासष्ट सालची जीप होती. त्या काळी माणसं धीट होती, एवढीच त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

जानेवारीतल्या एका सोमवारी मोखाड्याच्या त्या सरकारी कार्यालयात मासिक बैठक चालू होती. साहेब बोलता बोलता थांबले आणि हवा हुंगून म्हणाले, "पेट्रोलचा वास येतोय का?"

वास येत होता. वारघडे तिथे वरिष्ठ सहायक. कुठल्याही कामात पुढे होणं हा त्यांचा स्वभाव. त्यांनी लगेच शोधमोहीम हाती घेतली. जनरेटरची खोली पाहिली, तिथे वास आला. साहेबांची गाडी पाहिली, तिथेही आला. मग ते रेकॉर्डच्या खोलीत गेले, तर तिथे वास फारच जास्त. "साहेब, पूर्ण इमारत धोक्यात आहे," असं त्यांनी परत येऊन गंभीरपणे सांगितलं, आणि तीस माणसं बाहेरच्या आंब्याखाली जाऊन उभी राहिली. आता आंब्याखालीही वास यायला लागला. शेवटी शिपाई सोम्या हळूच म्हणाला, "साहेब, वास नं, वारघडे भाऊसाहेबांच्या मागं मागं फिरतोय."

तीस माणसांनी वारघड्यांच्या पँटची मागची बाजू पाहिली. तिथे एक ओला डाग होता, साधारण विक्रमगड तालुक्याच्या आकाराचा.

साहेब रागावले असते तर बरं झालं असतं. ते फार मायेने बोलले. "वारघडे, तुम्ही आजची बैठक बाहेरून ऐका. खिडकीतून." त्या दिवशीचं इतिवृत्त वारघड्यांनी खिडकीबाहेर उभं राहून, गजांवर वही टेकवून लिहिलं. कारकुनीच्या सत्तावीस वर्षांत असा प्रसंग त्यांच्यावर आला नव्हता.

घरी रंजनाबाईंनी त्यांना उंबऱ्याबाहेरच थांबवलं. "अहो, पँट बाहेर वाळत घाला आणि मग आत या." वारघडे टॉवेल गुंडाळून आत आले तेव्हा त्या म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात योगिताचं लग्न आहे, लक्षात आहे ना? नवऱ्याकडचे फुलांनी सजवलेली गाडी पाठवत होते. ती नको म्हणून तुम्ही सांगितलंत. माझ्या भाचीला मी माझ्या जीपमधून पोशेऱ्याच्या मंडपात आणणार, हे चारचौघांत बोललात. आता नवरीच्या शालूला पेट्रोलचा वास आला, तर पोशेऱ्यात मी कुणाला तोंड दाखवू?"

दुसऱ्या दिवशी वारघडे एसटीने ऑफिसला गेले, आणि जीप लाडक्याच्या गॅरेजमध्ये गेली.

लाडक्या कमी बोलणारा मेकॅनिक होता. त्याने सीट काढली, टाकीवर बॅटरीचा झोत टाकला आणि म्हणाला, "दोन रोग हायेत." पेट्रोल किती उरलं ते काट्याला कळावं म्हणून टाकीच्या वरून एक तरंगता गोळा आत सोडलेला असतो. त्याच्या तोंडावर पाच स्क्रूंचं गोल झाकण, आणि त्या झाकणाखाली पॅकिंग. ते पॅकिंग कुजून गेलं होतं. दुसरा रोग खालचा. टाकी ज्या खोलगट जागेत बसते तिथली गादी झिजून नाहीशी झाली होती. टाकीचा पत्रा लोखंडावर घासत होता, आणि दर खड्ड्याला टाकी उडी मारत होती. रस्ता जव्हार-मोखाड्याचा असल्यामुळे उड्या किती, हे विचारायला नको.

"पॅकिंग कशाचा टाकू, साहेब? न् खाली गादी कशाची?" लाडक्याने विचारलं.

न्हावी जसा "कानाजवळ बारीक करू का" विचारतो, तसा हा साधा प्रश्न होता. "तुला ठीक वाटेल ते टाक," एवढ्या उत्तराने सगळं त्याच दिवशी मिटलं असतं. पण वारघड्यांनी आयुष्यात एक स्टेपलरसुद्धा तुलनात्मक तक्त्याशिवाय घेतला नव्हता. ते म्हणाले, "सर्व पर्याय पडताळून निर्णय कळवतो."

"कळवा," लाडक्या म्हणाला. टाकीतलं उरलेलं पेट्रोल त्याने आधीच काढून ठेवलं होतं. ते पुढे त्याच्या मोटारसायकलने पिऊन टाकलं.

वारघडे पर्याय शोधतायत ही बातमी गल्लीत पोचायला संध्याकाळ लागली नाही. ज्या गल्लीत गटार तुंबलं तर कुणी खिडकीतून डोकावत नाही, त्या गल्लीतला प्रत्येक माणूस टाकीच्या पॅकिंगबद्दल ठाम मत बाळगून होता, हे वारघड्यांना तेव्हा कळलं. सायकलवाल्याने ट्यूब कापून दिली, किराणावाल्याने बाटलीच्या बुचाचं कॉर्क. चहावाल्याने अंगाचा साबण चोळायला सांगितला. समोरच्या पंकजने मोबाईलवर एका परदेशी माणसाचा दीड तासाचा व्हिडिओ दाखवला. त्या माणसाने शेवटी टाकीच बदलली.

कोपऱ्यावरचे जिवाबाबा मात्र जाणकार. त्यांनी तरुणपणी जंगलाच्या ठेकेदाराची अशीच जीप चालवली होती. ते म्हणाले, "चामडा घे. एरंडेलात तीन दिस भिजव. पेट्रोल त्याचा काय वाकडा करत नाय. न् खाली घोंगडीचा तुकडा. आम्ही तसाच करू."

शेजारचे हेमंत सर निवृत्त विज्ञान शिक्षक. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि डोळे मिटून एकच शब्द उच्चारला, "थर्माकोल." थोड्या वेळाने कारणंही दिली. हलकं, मऊ, पाणी धरत नाही, हवं तसं कापता येतं. "टीव्ही थर्माकोलमध्ये बसून मुंबईहून इथे येतो, वारघडे. तुमची टाकी टीव्हीपेक्षा नाजूक आहे का?"

इतक्या मतांवर उपाय एकच, प्रयोग. प्रत्येक वस्तूचा तुकडा पेट्रोलात आठ दिवस बुडवून ठेवायचा आणि रोज नोंद घ्यायची. वारघड्यांनी नवी फाईल उघडली. रंजनाबाईंनी लोणच्याच्या बरण्या द्यायला साफ नकार दिला, म्हणून जामच्या रिकाम्या बाटल्या जमवल्या. राहिलं अर्धा लिटर पेट्रोल.

पंपावरचा माणूस म्हणाला, "बाटलीत सुटं देत नाही. पोलिसांचं पत्र आणा."

नियम योग्यच होता. वारघड्यांना नियम आवडतात. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या अर्ज लिहून पोलीस ठाण्यात नेऊन दिला. 'विषय : प्रयोगासाठी अर्धा लिटर सुटे पेट्रोल मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की...' खाली सही, हुद्दा आणि तारीख. तारीख वीस जानेवारी.

ही तारीख त्यांच्या लक्षात यायला हवी होती. सव्वीस जानेवारी आठवड्यावर आलेली. त्या सुमारास सरकारी नोकर सुटं पेट्रोल मागतो, तेही 'सविनय', तेव्हा पोलिसांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभं राहतं : झेंडावंदन, गर्दी, आणि न्याय न मिळाल्याने अंगावर बाटली ओतून घेणारा माणूस.

संध्याकाळी हवालदार घरी आले. चहा नको म्हणाले, मग घेतला, आणि वही उघडली.

"तुमची नेमकी मागणी काय?"

"अर्धा लिटर."

"ती नव्हे. शासनाकडे काय मागणी आहे?"

"शासनाकडे माझी काहीच मागणी नाही."

हवालदारांनी लिहिलं, 'मागणी सांगण्यास नकार.' मग आवाज खाली आणून विचारलं, "कुणावर राग आहे का?"

आतून रंजनाबाई म्हणाल्या, "असला तर माझ्यावर असेल. मी बरण्या दिल्या नाहीत."

दुसऱ्या दिवशी ठाण्यातून ऑफिसात फोन आला, आणि साहेबांनी वारघड्यांना केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. बराच वेळ ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. "वारघडे, खिडकीतून बैठक ऐकायला लावली, ते मनाला लावून घेऊ नका. माणसाला बोलून मोकळं होता आलं पाहिजे." वारघड्यांनी पॅकिंगची हकिकत पहिल्यापासून सांगितली. तरंगता गोळा, पाच स्क्रू, चामडं, थर्माकोल. साहेब ऐकत राहिले आणि त्यांचे डोळे पाणावले. माणूस किती खचला आहे, हे त्यांना आता पटलं होतं. डोक्यावर पंखा मिळावा म्हणून वारघड्यांनी तीन वर्षांपूर्वी दिलेला अर्ज तासाभरात मंजूर झाला. थंडीचे दिवस होते, पण सोम्याने तो आदराने पूर्ण वेगात लावून ठेवला.

शेवटी वारघड्यांकडून लेखी हमी घेण्यात आली : 'मी सव्वीस जानेवारी रोजी अथवा तत्पूर्वी स्वतःस पेटवून घेणार नाही. मी जीपच्या टाकीस पॅकिंग बसवणार आहे.' मग हवालदारांच्या समक्ष बाटली भरण्यात आली.

घरामागच्या पडवीत एका बाकावर बाटल्या मांडल्या गेल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी आणि तारीख. जामच्या बाटल्या पाच आणि लाडक्याच्या वस्तूसाठी औषधाची एक. लाडक्याने आपण होऊन एक चॉकलेटी-काळा तुकडा पाठवला होता, कॉर्कचा भुसा आणि तेल-पेट्रोलला टिकणारं रबर एकत्र दाबून केलेला. वारघड्यांनी निःपक्षपातीपणे त्यालाही क्रमांक दिला, सहावा.

थर्माकोलला आठ दिवस लागले नाहीत. ते पेट्रोलात पडलं, चुरचुरलं आणि दिसेनासं झालं. मूठभर तुकडे घातले तरी बाटली भरेना. तळाशी फक्त पांढरट लगदा साठला.

हेमंत सर बातमी ऐकून धावत आले. "नाहीसं झालेलं नाही, रूप बदललंय," असं म्हणून त्यांनी बाटली उजेडात धरली, घट्टपणा पाहायला थोडा लगदा बाकाच्या टोकावर ओतला, आणि मग वारघड्यांची फाईल वाचायला घेतली. फाईल चांगली लिहिली होती. वाचता वाचता सर बाकावर टेकले. अर्धा तास त्यांनी वारघड्यांच्या नोंदींमधलं शुद्धलेखन सुधारलं. उठायला गेले तेव्हा बाकही उठला.

"असंच होणार," सर शांतपणे म्हणाले. "सुकलं की ते पुन्हा घट्ट होतं. हा पदार्थाचा गुणधर्म आहे."

वारघड्यांनी सरांना धरलं, पंकजने बाकाला धरलं. रंजनाबाई ओढा म्हणाल्या तेव्हा दोघांनी ओढलं. सर सुटले, पण पँटचा बसायचा भाग बाकाकडेच राहिला. रंजनाबाईंनी तोंड फिरवून कुंपणावर वाळत घातलेली चादर दिली. जाण्यापूर्वी सरांनी चादर एका हाताने सावरत थर्माकोलच्या रकान्यात शेरा लिहिला : 'चिकटपणा उत्तम.'

आठ दिवसांनी निकाल लागला. सायकलची ट्यूब फुगून दुप्पट झाली होती. साबण पेट्रोलात टिकला, पण जव्हारच्या चार महिन्यांच्या पावसात तो किती टिकेल, हे चहावाल्यालाही सांगता येईना. नुसतं कॉर्क ओलं असताना छान आणि वाळलं की तडकलेलं. चामड्याची गोष्ट निराळी होती. एरंडेल पेट्रोलात विरघळत नाही, हे जिवाबाबांचं म्हणणं त्यांच्या काळापुरतं अगदी खरं होतं. पण हल्लीच्या पेट्रोलात अल्कोहोल मिसळतात. त्याने एरंडेल हळूहळू काढून घेतलं आणि चामडं सुक्या बोंबलासारखं कडक झालं. हे ऐकून जिवाबाबांनी तो तुकडा हातात घेऊन वाकवून पाहिला. मग म्हणाले, "पेट्रोलच दारू प्याया लागला, मग चामडा काय करल?"

सहाव्या क्रमांकाचा तुकडा जसा घातला तसाच बाहेर आला.

खालच्या गादीसाठी घोंगडी आणि गोधडी बाद झाल्या, कारण दोन्ही पाणी धरून ठेवतात आणि टाकी खालून गंजते. लाडक्याने भातगिरणीचा जुना पट्टा सुचवला. कापड आणि रबर एकावर एक चिकटवलेला जाड पट्टा, ना पाणी पितो ना दबतो. वारघडे तक्ता घेऊन गॅरेजमध्ये गेले आणि निर्णय वाचून दाखवला.

"मी पैल्या दिवशी हेच टाकणार व्हतो," लाडक्या म्हणाला.

"पण आता ते सिद्ध झालं," वारघडे म्हणाले.

काम एका दुपारचं होतं. गिरणीच्या पट्ट्यावर टाकी अशी बसली की हातोडीने ठोकली तरी हलेना. पाचही स्क्रू आवळले. वारघडे सीटवर तासभर बसून उठले आणि रंजनाबाईंना त्यांनी आपली पाठमोरी बाजू अभिमानाने दाखवली. ती कोरडी होती.

इथे थांबायला हवं होतं. पण पॅकिंगच्या शीटचा तुकडा उरला होता, आणि उरलेला तुकडा माणसाला स्वस्थ बसू देत नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी टाकी काठोकाठ भरताना वारघड्यांना पेट्रोल भरायच्या झाकणाच्या मधोमध टाचणीएवढं भोक दिसलं. एवढी टाकी बनवणाऱ्यांनी झाकणाला भोक ठेवावं, ही त्यांना कारखान्याची चूक वाटली. साठ वर्षं ती कुणाच्या लक्षात आली नव्हती. त्यांनी उरलेल्या शीटची गोल चकती कापली आणि झाकणाच्या आतून चिकटवून ते भोक कायमचं बंद केलं. लाडक्याला त्यांनी हे सांगितलं नाही. चाचणी म्हणून जीप एसटी डेपोपर्यंत नेऊन आणली. सगळं ठीक होतं.

लग्नाच्या दिवशी योगिता जव्हारला मामाच्या घरून नटून निघाली. पुढे वारघडे आणि रंजनाबाई, मागे नवरी आणि तिची मैत्रीण रविना, आणि जीपच्या मागोमाग टेम्पोत पाहुणे आणि बँडवाले. जीपमध्ये फक्त मोगऱ्याचा वास होता. वारघडे वळणावळणावर हॉर्न वाजवत होते, कारण असताना आणि नसताना.

तीन-चार किलोमीटरवर जीप खोकली आणि एका पाड्यासमोर बंद पडली.

वारघडे उतरले. बॉनेट उघडलं, मिटलं. मग पेट्रोल पाहावं म्हणून सीटची गादी उचलली आणि टाकीचं झाकण फिरवलं. झाकण निघताना आत हवा शिरली आणि मोठ्याने आवाज आला, "फुस्स." पेट्रोल काठापासून थोडंच खाली होतं. झाकण लावलं, गादी ठेवली, किल्ली फिरवली, जीप सुरू.

तेवढ्यात टेम्पो मागे येऊन थांबला होता. पाडा आला आणि नवरीची गाडी थांबली, म्हणजे वाजवायचं असणार, अशा समजुतीने बँड सुरू झाला. पाड्यातल्या बायका बाहेर आल्या. नवरी आपल्यासाठी थांबली याचं त्यांना अप्रूप वाटलं. कुणी हळद-कुंकू आणलं, कुणी पाण्याचा तांब्या. पाच मिनिटांनी जीप हलली.

पुढच्या तीन किलोमीटरवर तेच. मामा उतरले, गादी उचलली, फुस्स झालं, बँड वाजला, माणसं जमली. तिसऱ्या ठिकाणी तर एकाने नारळ फोडला. योगिताने घड्याळ पाहिलं. "मामा, मुहूर्त साडेबाराचा आहे."

"मला माहीत आहे, बाळा," वारघडे म्हणाले. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. नवऱ्याकडच्यांचे फोन येत होते, आणि रविना त्यांना "आलोच, आशीर्वाद घेतोय" असं सांगत होती. फुलांनी सजवलेली ती गाडी वारघड्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. बहिणीला तोंड कसं दाखवायचं, हाच विचार डोक्यात होता.

मोखाडा मागे टाकून जीप पुन्हा बंद पडली तेव्हा रंजनाबाईही उतरल्या. फुस्स आवाज त्यांनी जवळून ऐकला. मग झाकण हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"अहो, हे भोक तुम्ही बुजवलंत?"

"कारखान्याची चूक होती ती."

"गरम भाताचा डबा घट्ट लावून निवला की झाकण उघडत नाही, तसं झालंय. आतलं पेट्रोल संपत जाणार, मग त्याच्या जागी हवा कुठून येणार?"

वारघडे त्या झाकणाकडे पाहत राहिले. सहा बाटल्या, एक फाईल, एक पोलीस हमीपत्र, आणि डब्यातला भात. रंजनाबाईंनी साडीच्या निऱ्यांची पिन काढली, भोकातून आरपार घातली, फिरवून चकती भोसकली आणि झाकण लावलं. पुढे त्या एका हाताने निऱ्या धरून बसल्या.

जीप पळू लागली. एक वळण गेलं, दुसरं गेलं, चढ गेला. खोकली नाही. बारा वाजायला आले होते आणि पोशेरा जवळ आलं होतं. वारघड्यांनी आज पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

पण बातमी मोबाईलवरून जीपच्या पुढे गेली होती. पोशेऱ्याच्या अलीकडच्या पाड्यावर तीस-चाळीस माणसं रस्त्यात उभी होती. पुढे हिरीआजी, हातात ताट, ताटात दिवा. योगिताच्या आजीची ती मैत्रीण. जीप थांबवावीच लागली. आजीने नवरीला ओवाळलं, दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं मोडली, आणि मग बाजूला होऊन वारघड्यांकडे पाहत उभी राहिली. सगळेच पाहत होते. बँडवाल्यांनी वाद्यं तोंडाला लावली, पण वाजवली नाहीत.

"काय झालं, आजी? उशीर होतोय," वारघडे म्हणाले.

"तुझा राहिला ना," हिरीआजी म्हणाली. "मामा उठतो, गादी उचलतो, गाडी सुस्कारा टाकते, मग नवरी पुढं जाते. सगळ्या पाड्यांवर केलास. आमच्याच पाड्यावर नाय करायचा का?"

वारघड्यांनी रंजनाबाईंकडे पाहिलं. त्या निऱ्या धरून समोर बघत होत्या. मागून योगिता हळूच म्हणाली, "करा ना, मामा."

वरिष्ठ सहायक तुळशीदास वारघडे जीपमधून उतरले. त्यांनी शर्ट नीट केला, सीटची गादी दोन्ही हातांनी उचलून कडेला ठेवली आणि सावकाश झाकण फिरवलं. झाकण निघालं. आवाज झाला नाही. हिरीआजीने कान पुढे केला.

"वाजला नाय," ती म्हणाली.

माणसं थांबली होती. तेव्हा वारघडे टाकीवर वाकले, पाठ लोकांकडे केली, ओठांचा चंबू केला आणि स्वतःच्या तोंडाने म्हणाले, "फुस्स."

हिरीआजीने मान डोलावली. बँड सुरू झाला.

"हां," ती म्हणाली, "आता जा. पोरीला उशीर नका करू."